तुमच्या नावानं दुसऱ्या कुणी मेल पाठवू नये म्हणून: स्वतःचा मेल सर्व्हर कसा लावायचा

कोल्हापूरच्या उद्यमनगर, शिरोली आणि गोकुळ शिरगाव इथल्या फाउंड्र्या आणि मशीनशॉपच्या ऑफिसांतली कॉम्प्युटरची कामं मी बघते. स्वतःचा मेल सर्व्हर लावायचं ठरलं की मालकांचा पहिला प्रश्न ठरलेला असतो. "मॅडम, आमचा मेल मधल्यामधी कोण वाचणार नाही न्हवं?" प्रश्न रास्त आहे, पण खरं दुखणं दुसरीकडं असतं. कास्टिंगचं ड्रॉइंग कुणी वाटेत वाचलं, असं माझ्या पाहण्यात अजून आलेलं नाही. पण तुमच्या नावानं पुण्याच्या गिऱ्हाइकाला मेल गेला, "आमचं बँक खातं बदललंय, या बिलाचे पैसे नव्या खात्यात टाका", आणि त्यानं भाबडेपणानं टाकले, हे पाहण्यात आलंय. मग दोन्हीकडचे मालक एकमेकांवर डाफरत बसतात आणि पैसे तिसराच घेऊन गेलेला असतो.

म्हणून या लेखात "सुरक्षित" म्हणजे आधी एवढंच: तुमच्या डोमेनवरनं (मेलच्या पत्त्यात ॲटच्या पुढं येतं ते नाव) फक्त तुमच्याच माणसांना पाठवता आलं पाहिजे, आणि तुमच्यातल्या एकाला दुसऱ्याच्या नावानं पाठवता येऊ नये. वाटेतलं एन्क्रिप्शन त्यानंतर. तेही करायचंच आहे, पण त्याला वेळ कमी लागतो.

डेबियन या लिनक्सवर पोस्टफिक्स (मेल घेणारा-पाठवणारा), डोव्हकॉट (मेलबॉक्स आणि पासवर्ड सांभाळणारा) आणि आरस्पॅमडी (स्पॅम गाळणारा आणि जाणाऱ्या मेलवर सही करणारा) हे प्रोग्राम धरून सांगते. सेटिंगची नावं मी इथं देवनागरीत लिहिलीत. फाईलीत अर्थातच ती रोमन अक्षरांत जातील. नमुन्याला डोमेन एक्झाम्पल डॉट कॉम आणि आयपी (सर्व्हरचा इंटरनेटवरचा आकडी पत्ता) २०३.०.११३.२५ घेतलाय. दोन्ही उदाहरणांसाठीच राखून ठेवलेले आहेत, त्यांच्या जागी तुमचे घाला.

सर्व्हर जिन्याखाली नको

ऑफिसच्या जिन्याखाली जुना पीसी ठेवून त्यावर मेल चालवायची हौस बऱ्याच जणांना असते. येणारा मेल तिथं कसाबसा चालेलही, जाणारा चालत नाही. ब्रॉडबँडचा आयपी बदलता असतो, नाहीतर पुष्कळ गिऱ्हाइकांत मिळून एकच असतो. बाहेर जाणारं पोर्ट २५ (सर्व्हर एकमेकांना मेल देतात तो दरवाजा) बहुधा बंद असतं. आणि मेल नाकारायच्या आयपींच्या याद्या ठेवणाऱ्या स्पॅमहाउस या संस्थेच्या पीबीएल यादीत असे आयपी मुळातच घातलेले असतात, कारण तिथून थेट मेल निघणं अपेक्षितच नाही. त्यात आपला पावसाळा. २०१९ आणि २०२१ च्या पुरात शिरोलीजवळ महामार्गच पाण्याखाली गेला होता. माणूस कारखान्यापर्यंत पोचत नाही, लाईट नाही, आणि गिऱ्हाइकाला "गाडी अडकलीय, माल उशिरा येतोय" हे कळवायची गरज नेमकी तेव्हाच असते.

तेव्हा डेटा सेंटरमधला व्हीपीएस, म्हणजे भाड्याचा आभासी सर्व्हर, घ्या. पैसे भरायच्या आधी त्यांना लेखी विचारा: बाहेर जाणारं पोर्ट २५ उघडून देता का (नव्या खात्याला बरेच जण बंदच देतात, अर्ज करावा लागतो), रिव्हर्स डीएनएस (डीएनएस ही इंटरनेटवरची नावं आणि आयपींची नोंदवही; रिव्हर्स म्हणजे आयपीवरनं नाव) आम्हाला लावता येईल का, आणि मिळालेला आयपी काळ्या यादीत निघाला तर बदलून द्याल का. शेवटच्याला "बघू" असं उत्तर आलं तर दुसरीकडं जा. आयपी हातात आल्या आल्या, काहीही इन्स्टॉल करायच्या आधी, तो स्पॅमहाउसच्या साइटवर टाकून बघा. तो आधी ज्याच्याकडं होता त्यानं काय उद्योग केलेत ते तिथं कळतं.

पोर्ट २५ मिळतच नसेल तर अडून बसू नका. मेलबॉक्स आपल्या सर्व्हरवर ठेवायचे आणि बाहेर जाणारा मेल पैसे घेऊन रिले करणाऱ्या, म्हणजे पुढं पोचवणाऱ्या, एखाद्या सेवेकडं द्यायचा. पोस्टफिक्समध्ये रिलेहोस्ट या सेटिंगनं ते होतं. तो मेल त्या सेवेला दिसू शकतो हे मालकांना आधी सांगून ठेवायचं, बस्स. यात कमीपणा काही नाही. रोज पाच-पंचवीस मेल जाणाऱ्या ऑफिसला मी स्वतःहून हेच सुचवते.

आता नाव. सर्व्हरचं नाव मेल डॉट एक्झाम्पल डॉट कॉम असेल तर त्या नावावरनं २०३.०.११३.२५ मिळाला पाहिजे, त्या आयपीच्या रिव्हर्स डीएनएसमधनं तेच नाव परत मिळालं पाहिजे, आणि पोस्टफिक्सच्या मायहोस्टनेममध्येही तेच हवं. यातलं एक जरी चुकलं तरी मोठे सर्व्हर तोंड वाकडं करतात. आयपीव्ही६ या नव्या प्रकारच्या आयपीवरही हे सगळं जमणार नसेल तर इनेट_प्रोटोकॉल्स = आयपीव्ही४ करून मोकळे व्हा. मी तेच करते.

दोन गेटं

कारखान्याला माल आत यायचं गेट वेगळं आणि कामगारांचं कार्ड पंच करायचं गेट वेगळं असतं, तसंच इथं. पोर्ट २५ वर जगातले बाकीचे सर्व्हर तुमच्यासाठीचा मेल आणून टाकतात. तिथं कुणी लॉगिन करत नाही. तुमची माणसं पाठवणार ती ४६५ किंवा ५८७ वरनं, नाव आणि पासवर्ड देऊन.

निम्मी सुरक्षितता या एका वाटणीत आहे, आणि निम्म्या लोकांच्या सर्व्हरवर ती केलेली नसते. २५ वरही लॉगिन चालू ठेवलेलं असतं, आणि रात्रभर कुठून कुठून पासवर्ड आजमावणारे त्याच दरवाज्यावर टकटक करत असतात. पोस्टफिक्सच्या मेन डॉट सीएफ या मुख्य फाईलीत लॉगिनचं सेटिंग एसएमटीपीडी_सॅसल_ऑथ_एनेबल = नो ठेवा. ते मुळात नोच असतं. कुठल्यातरी लेखातनं उतरवून यस केलं असेल तर परत फिरवा. यस करायचं ते सेवांच्या मास्टर डॉट सीएफ या फाईलीत, फक्त सबमिशन (५८७) आणि सबमिशन्स (४६५, जुन्या फाईलीत याचं नाव एसएमटीपीएस असतं) या दोन सेवांखाली. दोन्ही तिथं कॉमेंट करून, म्हणजे ओळीपुढं # चिन्ह लावून बंद ठेवलेल्या असतात. त्यांच्यापुढचं चिन्ह काढा आणि खाली हे बघा:

एसएमटीपीडी_सॅसल_ऑथ_एनेबल = यस
एसएमटीपीडी_टीएलएस_ऑथ_ओन्ली = यस
एसएमटीपीडी_रिले_रिस्ट्रिक्शन्स = परमिट_सॅसल_ऑथेंटिकेटेड, रिजेक्ट

५८७ ला वरनं एसएमटीपीडी_टीएलएस_सिक्युरिटी_लेव्हल = एन्क्रिप्ट, आणि ४६५ ला एसएमटीपीडी_टीएलएस_रॅपरमोड = यस. टीएलएस म्हणजे वाटेतलं बोलणं बंदिस्त करणारं एन्क्रिप्शन. फरक असा की ५८७ वर बोलणं आधी उघडं सुरू होतं आणि स्टार्टटीएलएस म्हटल्यावर बंदिस्त होतं. ४६५ वर पहिल्या अक्षरापासनं बंदिस्तच. २०१८ च्या आरएफसी ८३१४ या इंटरनेटच्या मानक दस्तऐवजानं ४६५ चीच शिफारस केलीय. मी नवीन माणसाला ४६५ देते आणि ५८७ जुन्या प्रोग्रामांसाठी ठेवते.

मेन डॉट सीएफमधल्या रिले_रिस्ट्रिक्शन्सच्या ओळीत डेबियन शेवटी डिफर_अनऑथ_डेस्टिनेशन ठेवतो. ते रिजेक्ट_अनऑथ_डेस्टिनेशन करा, म्हणजे फुकट रिले शोधणाऱ्याला "नंतर ये" असं न सांगता "नाही" म्हणून सांगितलं जाईल. मायनेटवर्क्समध्ये १२७.०.०.० ची लोकल रेंज सोडून काही नको. "ऑफिसचा आयपी घाला की, पासवर्डची कटकट नको" असा सल्ला हमखास मिळतो. ऐकू नका. त्या आयपीमागच्या कुठल्याही पीसीत व्हायरस शिरला की तो बिनपासवर्ड तुमच्या नावानं जगाला मेल पाठवेल.

पासवर्ड तपासायचं काम पोस्टफिक्स डोव्हकॉटकडं सोपवतो: एसएमटीपीडी_सॅसल_टाइप = डोव्हकॉट. डेबियन १३ वर डोव्हकॉट २.४ येतो आणि त्याच्या कॉन्फिगची मांडणी २.३ पेक्षा बदललीय, तेव्हा जुन्या लेखातले तुकडे तसेच चिकटवू नका, सुरूच होणार नाही. पासवर्ड साठवताना डोव्हॲडम पीडब्ल्यू वापरून आर्गॉन२आयडी किंवा बीक्रिप्ट हॅश (ज्यातनं मूळ पासवर्ड परत काढता येत नाही असं रूप) करा.

टीएलएससाठी सर्व्हरची ओळख पटवणारं सर्टिफिकेट लेट्स एन्क्रिप्ट या संस्थेचं चालतं. मुदत ९० दिवस, आणि सर्टबॉट हा प्रोग्राम ते आपोआप नवं करतो. मात्र नवं आल्यावर पोस्टफिक्स आणि डोव्हकॉट रीलोड होतील असा हुक (त्या वेळी आपोआप चालणारी आज्ञा) लावून ठेवा. नाहीतर नवं सर्टिफिकेट डिस्कवर आणि डोव्हकॉट जुनंच दाखवतोय, असा घोळ होतो. मुदत संपत आल्याचे मेल लेट्स एन्क्रिप्टनं जून २०२५ पासून बंद केलेत, त्यामुळं तारखेवर लक्ष ठेवणारी स्क्रिप्ट आपली आपण लावायची.

स्टोअरवाल्यानं मालकाच्या नावानं पाठवलं तर?

माझ्या मते या सगळ्या कामाचा गाभा हा आहे, आणि बहुतेक जण तो सोडूनच देतात. पोस्टफिक्स मुळात एवढंच बघतो की लॉगिन खरं आहे का. लॉगिन करून आत आल्यावर तुम्ही पाठवणारा म्हणून कुणाचा पत्ता देता, याच्याशी त्याला देणंघेणं नसतं. म्हणजे स्टोअरकीपरचा पासवर्ड फुटला की चोराला मालकाच्या पत्त्यावरनं मेल पाठवता येतो, आणि तो तुमच्याच सर्व्हरवरनं, तुमच्याच सहीनं जातो. पुढच्या सगळ्या तपासण्यांत तो पास होतो.

उपाय दोन ओळींचा. एसएमटीपीडी_सेंडर_लॉगिन_मॅप्समध्ये एक तक्ता द्यायचा: डावीकडं पत्ता, उजवीकडं तो कुठल्या लॉगिनला वापरता येईल. आणि सबमिशनच्या दोन्ही सेवांखाली एसएमटीपीडी_सेंडर_रिस्ट्रिक्शन्समध्ये रिजेक्ट_सेंडर_लॉगिन_मिसमॅच. मग स्वॅक्स नावाचा छोटा प्रोग्राम घेऊन मुद्दाम खोटं पाठवून बघायचं. मी हे मालकांना शेजारी बसवूनच करते. लॉगिन स्टोअरचं, पाठवणारा मालक. स्क्रीनवर उत्तर येतं: ५५३ ५.७.१, सेंडर ॲड्रेस रिजेक्टेड, नॉट ओन्ड बाय युजर, आणि पुढं स्टोअरचं लॉगिन. त्या ओळीवर बोट ठेवून एक मालक म्हणाले, "म्हंजे माझं नाव आता माझ्याच ताब्यात." पुढं येणारं एसपीएफ, डीकेआयएम वगैरे त्यांना काही कळलेलं नव्हतं, पण मुद्दा बरोबर धरला होता.

एक फट मात्र राहते. पोस्टफिक्स तपासतो तो पाकिटावरचा पत्ता, म्हणजे पाठवताना प्रोग्राम सर्व्हरला सांगतो तो. वाचणाऱ्याला दिसतो तो आतल्या फ्रॉमच्या ओळीतला. चतुर माणूस पाकिटावर स्वतःचा पत्ता घालून आत मालकाचा लिहू शकतो. ती बुजवायला आरस्पॅमडीमध्ये नियम लिहावा लागतो, की लॉगिन करून आलेल्या मेलमध्ये दोन्ही पत्ते सारखे नसतील तर नाकार. तेवढं जमत नसेल तर निदान हे माहीत असू द्या की लॉगमध्ये (सर्व्हरच्या नोंदींत) सॅसल_युजरनेमपुढं खरं लॉगिन येतंच, त्यामुळं कुणी केलं ते नंतर लपत नाही.

याच तक्त्याचा दुसरा फायदा: एका पत्त्याला अनेक लॉगिन देता येतात. बिलिंगच्या पत्त्यावरनं ऑफिसचा पीसी पाठवतो, टॅली पाठवतं, अकौंटंट काकांचा मोबाइलही पाठवतो. तिघांना एकच पासवर्ड देऊ नका. बिलिंग-पीसी, बिलिंग-टॅली, बिलिंग-मोबाइल अशी तीन लॉगिन करा. काकांचा मोबाइल केएमटीच्या बसमध्ये पडला तर एक लॉगिन बंद करायचं. टॅलीतनं बिलं जायची थांबत नाहीत. लॉगिनचं नाव मात्र पूर्ण पत्त्यासारखं, पुढं ॲट आणि डोमेन लावून ठेवा. का, ते डीकेआयएमपाशी कळेल.

आणि मर्यादा घाला. फुटलेल्या खात्यावरनं तासाभरात हजारो मेल जातात. पोस्टफिक्सची एसएमटीपीडी_क्लायंट_मेसेज_रेट_लिमिट आयपीप्रमाणं मोजते, आणि चोर तर शंभर ठिकाणांहून येतो. आरस्पॅमडीचं रेटलिमिट लॉगिनप्रमाणं मोजतं, ते वापरा. स्टोअरकीपर तासाला किती मेल पाठवतो? त्याच्या दुप्पट ठेवा, भांडण होत नाही.

डीएनएसमधली तीन कलमं

एसपीएफ सांगतं की या डोमेनचा मेल कुठल्या आयपीवरनं येईल. एकच सर्व्हर असेल तर डीएनएसमधलं त्याचं टीएक्सटी (मजकुराचं) रेकॉर्ड छोटं असतं: व्ही=एसपीएफ१ आयपी४:२०३.०.११३.२५ -ऑल. जुन्या वेबसाइटवाल्यानं कधीतरी घातलेलं दुसरं एसपीएफ रेकॉर्ड शेजारी पडलेलं असतं, ते काढा. दोन असली की दोन्ही बाद. इन्क्लूड (दुसऱ्याची यादी जोडून घेणं) वगैरे धरून डीएनएसच्या चौकश्या १० च्या वर गेल्या तरीही बाद.

एसपीएफचा लंगडेपणा फॉरवर्डमध्ये दिसतो. गिऱ्हाइकानं त्याच्या ऑफिसचा मेल स्वतःच्या जीमेलवर वळवला असेल तर तुमचा मेल जीमेलला भलत्याच आयपीवरनं मिळतो. तिथं डीकेआयएम ही डिजिटल सही कामाला येते, कारण ती मेलच्या आतच असते आणि वाटेत कुणी मजकूर बदलला नाही तर टिकते. आरस्पॅमएडीएम डीकेआयएम_कीजेन नं २०४८ बिटांची चावी काढा. खाजगी चावी सर्व्हरवर, तिच्या परवानग्या फक्त आरस्पॅमडीला. सार्वजनिक चावी डीएनएसमध्ये. टीएक्सटीच्या एका तुकड्यात २५५ अक्षरांपेक्षा जास्त मावत नाहीत आणि ही चावी त्याहून लांब असते, म्हणून ती अवतरणचिन्हांत दोन तुकडे करून घालावी लागते. काही डोमेनवाल्यांचं पॅनेल ते आपोआप करतं, काहींचं गुपचूप शेपूट कापतं. घातल्यावर डिग या आज्ञेनं डीएनएसमधनं वाचून शेवटची अक्षरं जुळवा.

आणि आता लॉगिनच्या नावाचं: आरस्पॅमडी सही करण्याआधी मूळ सेटिंगमध्ये लॉगिनमधलं डोमेन आणि फ्रॉममधलं डोमेन जुळतंय का बघतो. नुसतं "बिलिंग" असं लॉगिन असेल तर मेल जातो पण सहीविना, आणि कुणाच्या लक्षातही येत नाही.

डीमार्क हे तिसरं कलम या दोघांना फ्रॉमच्या ओळीशी बांधतं, आणि न जुळणाऱ्या मेलचं काय करायचं ते समोरच्याला सांगतं. सुरुवात पी=नन (काही करू नको) नं करा आणि आरयूए या भागात अहवालांसाठी वेगळा मेलबॉक्स द्या. अहवाल एक्सएमएलमध्ये येतात, वाचायला रुक्ष, पण त्यातनंच कळतं की तुमच्या डोमेनच्या नावानं आणखी कोण कोण पाठवतंय. एका ठिकाणी वेबसाइटचा चौकशी फॉर्म निघाला, एका ठिकाणी पगाराचं सॉफ्टवेअर. त्यांची सोय लावा, मग पी=क्वारंटाइन (स्पॅममध्ये टाक), आणि शांतता दिसली की पी=रिजेक्ट (नाकार). ननवरच कायम मुक्काम ठोकणारे खूप आहेत; त्याचा अर्थ "खोटा मेल आला तरी चालेल" असाच होतो.

हे ऐच्छिक राहिलेलं नाही. फेब्रुवारी २०२४ पासून जीमेल प्रत्येक पाठवणाऱ्याकडं एसपीएफ किंवा डीकेआयएम मागतं, सोबत रिव्हर्स डीएनएस आणि टीएलएस. आणि दिवसाला ५,००० च्या वर मेल पाठवणाऱ्यांना तिन्ही कलमं सक्तीची आहेत.

डीमार्क थांबवू शकत नाही ते मिळतंजुळतं डोमेन. इंग्रजी एमच्या जागी आर आणि एन शेजारी शेजारी लिहून कुणी वेगळंच डोमेन विकत घेतलं तर त्याचं डीमार्क त्याच्यापुरतं व्यवस्थित असतं. त्यावर तांत्रिक इलाज नाही. गिऱ्हाइकांना छापील पत्र द्या: आमचं खातं बदललं तर आम्ही फोन करून सांगू, नुसत्या मेलवर विश्वास ठेवू नका. पैसे गेलेच तर पहिला फोन १९३० या सायबर हेल्पलाइनला, बँकेच्या मॅनेजरला शोधत बसण्याआधी.

वाटेतलं एन्क्रिप्शन

बाहेर जाताना एसएमटीपी_टीएलएस_सिक्युरिटी_लेव्हल = मे. (वरची सगळी एसएमटीपीडीनं सुरू होतात, ती येणाऱ्यांसाठी, हे डी नसलेलं, जाणाऱ्यासाठी.) मे म्हणजे समोरच्याला टीएलएस येत असेल तर बंदिस्त पाठव, नसेल तर उघडं. समोरच्याचं सर्टिफिकेट तपासलं जात नाही. सगळ्या जगासाठी याहून कडक करता येत नाही, कारण मग काही मेल पोचणारच नाहीत. पण ज्या गिऱ्हाइकाची ड्रॉइंगं नाजूक आहेत त्याच्यापुरतं एसएमटीपी_टीएलएस_पॉलिसी_मॅप्समध्ये त्याचं डोमेन लिहून पुढं सिक्युअर लिहा. मग सर्टिफिकेट जुळल्याशिवाय मेल जाणार नाही, रांगेत थांबेल. आधी त्यांच्या आयटीवाल्याशी बोलून घ्या.

जर्मनीकडं कास्टिंग पाठवणाऱ्यांनी लेव्हल मेऐवजी डेन (समोरच्याचं सर्टिफिकेट डीएनएसमधनं पडताळायची पद्धत) ठेवावी; तिकडच्या बऱ्याच मेल कंपन्या ते वापरतात. त्यासाठी सर्व्हरवरच डीएनएससेक (डीएनएसच्या उत्तरांवरची सही) तपासणारा रिझॉल्व्हर, म्हणजे डीएनएसला विचारणारा प्रोग्राम, हवा आणि एसएमटीपी_डीएनएस_सपोर्ट_लेव्हल = डीएनएससेक. जीमेल त्याच कामासाठी एमटीए-एसटीएस ही दुसरी पद्धत वापरतं. पोस्टफिक्सला ते स्वतःहून येत नाही, पोस्टफिक्स-एमटीए-एसटीएस-रिझॉल्व्हर वेगळं बसवावं लागतं.

टीएलएस १.० आणि १.१ मार्च २०२१ मध्ये रीतसर मोडीत निघालेत. ४६५ आणि ५८७ वर किमान १.२ ठेवा. २५ वर मात्र फार ताणू नका: तिथं जुना सर्व्हर टीएलएस जमलं नाही तर तोच मेल सरळ उघडा पाठवतो, म्हणजे कडकपणाचा उलटाच परिणाम.

डिसेंबर २०२३ मध्ये एसएमटीपी स्मगलिंग नावाची खोड उघडकीला आली होती: ओळीच्या शेवटच्या खुणेत फेरफार करून एका मेलच्या पोटात दुसरा खोटा मेल सरकवायचा. पोस्टफिक्स ३.९ पासून त्याचा बंदोबस्त आपोआप चालू असतो. त्याआधीचा असेल तर तो अद्ययावत करून एसएमटीपीडी_फॉरबिड_बेअर_न्यूलाइन स्वतः चालू करा.

झेरॉक्सचं मशीन

सगळं झाल्यावर घोडं अडतं ते कोपऱ्यातल्या स्कॅन-टू-मेलवाल्या जुन्या मशीनपाशी. फाउंड्रीच्या ऑफिसात त्याच्या बटणांवर वाळूचा पापुद्रा असतो, मेन्यू अर्धा जपानी, आणि त्याला टीएलएस १.२ येत नाही. "मॅडम, एवढ्यापुरतं २५ उघडं करा की." नाही. ऑफिसातल्याच एखाद्या चालू पीसीवर किंवा रास्पबेरी पाय या इवल्या कॉम्प्युटरवर छोटा पोस्टफिक्स बसवा. तो फक्त त्या मशीनच्या लोकल आयपीकडनं मेल घेईल आणि स्वतःच्या लॉगिननं ४६५ वरनं पुढं देईल. त्या लॉगिनला फक्त "स्कॅन" हा एकच पत्ता वापरता यावा. सीसीटीव्हीच्या डीव्हीआरचंही असंच. टॅली प्राइममध्ये एसएमटीपी सर्व्हर, पोर्ट आणि एसएसएल स्वतः भरता येतं, तिथं अडचण नाही.

फेल२बॅन (सारखे चुकीचे पासवर्ड देणाऱ्या आयपीला अडवणारा प्रोग्राम) लावा, पण ऑफिसचा आयपी वगळून. नाहीतर काका पीसीवर पासवर्ड बदलतात, खिशातला मोबाइल जुनाच पासवर्ड दामटत राहतो, आणि पाच मिनिटांत अख्ख्या ऑफिसचा मेल बंद.

पाठवून बघा

बाहेरच्या नेटवरनं, म्हणजे मोबाइलच्या हॉटस्पॉटवरनं तपासा, ऑफिसातनं नको. २५ वर जाऊन तिसऱ्याच डोमेनचा पत्ता दिला तर ५५४ ५.७.१ रिले ॲक्सेस डिनाइड आलं पाहिजे. ५८७ वर टीएलएस न करता पुढं सरकायला गेलं तर ५३० ५.७.०, आधी स्टार्टटीएलएस करा असं. मग जीमेलच्या एखाद्या खात्यावर साधा मेल पाठवा आणि तिथं शो ओरिजिनल उघडा. एसपीएफ, डीकेआयएम, डीमार्क तिन्हींपुढं पास हवं. एवढ्यावर थांबू नका, खालच्या रिसीव्हडच्या ओळीत टीएलएसची आवृत्ती आहे का तेही बघा. आणि हा मेल टॅलीतनं, मोबाइलवरनं, स्कॅनरवरनं असा प्रत्येक वाटेनं एकदा पाठवा. एका वाटेवर सही होते आणि दुसऱ्या वाटेवर होत नाही असं सर्रास घडतं.

नवा आयपी सुरुवातीला सांभाळून वापरा. ओळखीच्या गिऱ्हाइकांना रोजचे मेल जाऊ द्यात. दिवाळीच्या शुभेच्छा एका झटक्यात सगळ्या ॲड्रेस बुकला पाठवायच्या असतील तर त्यासाठी वेगळी सेवा आणि वेगळं सबडोमेन घ्या, या सर्व्हरच्या वाटेला जाऊ नका.

लॉग १८० दिवस ठेवा. सर्ट-इन या केंद्र सरकारच्या सायबर सुरक्षा संस्थेच्या एप्रिल २०२२ च्या निर्देशांत तेवढे सांगितलेत. डेबियनमधली आरसिसलॉग या लॉग लिहिणाऱ्या प्रोग्रामची जुने लॉग पुसायची ठरलेली फिरती चारच आठवड्यांची असते, ती वाढवावी लागते. डेबियन १२ पासून आरसिसलॉग आपोआप येतही नाही. सगळं जर्नलमध्ये जातं, त्याची मुदत तिथं ठरवा.

खातं फुटलं तर

एका रात्रीत जाणाऱ्या मेलची रांग फुगली आणि मेलक्यू ही आज्ञा मारल्यावर अनोळखी पत्त्यांचा पूर दिसला तर आधी पोस्टफिक्स बंद करा. इतर सर्व्हर तुमच्यासाठीचा मेल स्वतःकडं धरून पुन्हा पुन्हा आणून बघतात, त्यामुळं काही तास बंद राहिल्यानं येणारं काही हरवत नाही. लॉगमध्ये सॅसल_युजरनेम मोजा. ज्याची संख्या अचाट, ते खातं. त्याचा पासवर्ड बदला आणि डोव्हकॉटमधनं त्याची चालू कनेक्शनं तोडा. मग रांगेतनं फक्त त्या पाठवणाऱ्याचे मेल पोस्टसुपर या आज्ञेनं काढा. "डिलीट ऑल" मारलं तर त्यात मालकांचं कोटेशनही जातं. मेलबॉक्समध्ये चोरानं एखादा फॉरवर्डिंगचा नियम घालून ठेवलाय का, मेलबॉक्सचे सीव्ह नावाचे फिल्टर उघडून बघा. पासवर्ड बदलला तरी तो नियम चालूच राहतो आणि तुमची बिलं त्याला मिळत राहतात. त्या माणसाचा पीसी तपासा, पासवर्ड कुठून फुटला ते शोधा. सर्ट-इनला कळवायची मुदत प्रकार लक्षात आल्यापासून सहा तासांची आहे. स्पॅमहाउसच्या यादीतनं नाव काढायचा अर्ज सगळ्यात शेवटी करा. कारण न शोधता केला तर आयपी परत त्याच यादीत जाऊन बसतो, आणि दुसऱ्या अर्जाला ते लवकर दाद देत नाहीत.